खुरपं आपल्या हाताचं

अंबड तालुक्यातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. मृग तोंडावर आलाय, परसबागेचे वाफे करायचेत, आणि गटागटांत एकच विषय चाललाय: खुरपी-कुदळी एकदम घ्यायच्या का? घ्या की! पण दुकानातला लाल-निळा रंग बघून नको.

आपण जालना जिल्ह्यातल्या, सळयांचे कारखाने दाराशी. पण सळईचं पोलाद वेगळं आणि अवजाराचं वेगळं. सळईत कर्ब पाव टक्क्याच्या आसपास. ती वाकते, पण टिकाऊ धार धरत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात कर्ब साधारण दुप्पट असतो. म्हणून घिसाडी खुरपं-विळा कमानपाट्याचा करतात. तापवून, ठोकून शेवटी पाणी देतात, तीच खरी कला. पाणी जास्त झालं तर दगड लागून धार उडते, कमी पडलं तर वळते. पालावर घण पुष्कळदा बाईच मारत असते. तिलाच विचारा, कोणतं पातं कशाचं.

कुदळ, टिकाव घेताना दगडावर हलकेच वाजवा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठंतरी तडा आहे. नेढं बघा. पत्रा वाकवून जोडलेलं नेढं आपल्या मुरमात टिकत नाही. खुरप्याची दांडी मुठीत बोटभरच गेली असेल तर मूठ फिरायला लागते. आरपार जाऊन टोक वळवलेलं, पुढे लोखंडी कडं असलेलं घ्या. दांडा वाळलेल्या बाभळीचा, रेषा सरळ गेलेल्या. ओला दांडा वाळला की आखडतो. मग आपण तो पाण्यात भिजवतो, पण ते घट्टपण दोन दिवसांचं. पाचर मारा.

आता हाताचं. घरातली अवजारं गड्याच्या मापाची असतात. आपण मूठ धरली की अंगठा मधल्या बोटाला टेकायला हवा. जाड मुठीनं संध्याकाळी मनगट भरून येतं, आणि आपण वयाला बोल लावतो! फवारणीच्या पंपाला पैसे निघतात, खुरपं मात्र उरलंसुरलं. निंदणी-खुरपणी कोण करतं, हे सांगायला नको.

पैसे कमी असतील तर पहार, टिकाव गटात मिळून घ्या, ते रोज लागत नाहीत. खुरपं मात्र जिचं तिचं.

आणि काळ्या रानात वाफसा आल्यावरच खणा. चिखलात माती लोखंड सोडत नाही, वाळल्या ढेकळात दांडे मोडतात. काम झालं की माती पुसून तेलाचा बोळा फिरवा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं मुठीचं माप सुतळीनं घेऊन यावं. घिसाड्यांचं पाल पडलं की सगळ्यांची मागणी एकदमच देऊ; भावही गटानंच ठरवू.