चाळिशी, जत्रेतला चष्मा आणि आपले डोळे

मासळी वाळत घालून झाली असेल, भाकऱ्या उरकल्या असतील, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. हातातलं काम सोडू नका, कानांनीच ऐकायचं आहे. बोलणार आहे मात्र डोळ्यांबद्दल.

मागे रेवदंड्याच्या बाजूला एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेबाची वही निघाली. अध्यक्षताईंनी वही जवळ धरली, मग हात लांब केला, मग आणखी लांब केला. शेवटी हात संपला. त्या हसल्या आणि वही शेजारणीकडे देत म्हणाल्या, “तूच वाच गो, माझा हातच अपुरा पडतोय.” शेजारणीनंही तसंच केलं. वही चार जणींकडून फिरत एका विशीतल्या सुनेकडे आली आणि तिनं कर्जाचे हप्ते वाचून दाखवले. सगळ्या हसत होत्या, मीही हसले. घरी येताना मनात आलं, ज्या बायका सह्या करतात त्यांनाच आपण कशावर सही करतोय ते दिसत नाही.

याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, चाळिशी. वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. तरुणपणी ते मऊ असतं. जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. चाळिशीच्या सुमारास ते कडक व्हायला लागतं आणि जवळचं धूसर दिसतं. हा आजार नाही. केस पिकतात तसंच हे. साठीपर्यंत नंबर हळूहळू वाढत जातो, मग बहुतेक स्थिरावतो. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो असं जे म्हणतात, ते खरं नाही. तो वयानं वाढतो, चष्मा लावा की लावू नका.

पण “वय झाला, आता दिसाचा कमी होनारच,” असं म्हणून आपण गप्प बसतो, आणि तिथे नुकसान होतं. आपली कामं आठवा. तांदळातले खडे, जवळ्यातला कचरा, कोळंबीची शीर, पांढऱ्या कांद्याची वेणी, शिवणाची टीप. सगळी हातभर अंतरावरची. संध्याकाळच्या बाजारात वीसची नोट आणि दोनशेची नोट, दोन्ही पिवळसर. पेण, हमरापूर, जोहे या बाजूला गणपतीच्या कारखान्यांत कितीतरी बायका रंगकाम करतात. तिथली सगळ्यात कसबाची गोष्ट म्हणजे डोळ्यांची आखणी. मूर्तीची नजर एका केसाएवढ्या रेघेवर ठरते. आखणी करणारी एक ताई मला सांगत होती, “हात अजून थरथरत नाही, पण रेघ दोन-दोन दिसते.” तिला आखणीवरून काढून पितांबर रंगवायला बसवलं होतं आणि मजुरी कमी झाली होती. जवळचा चष्मा लागला, दुसऱ्या हंगामात ती परत आखणीला बसली.

हे एकटीदुकटीचं नाही. आसाममधल्या चहामळ्यात पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या 751 कामगारांचा अभ्यास झाला होता, 2018 साली तो छापून आला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना आधी मिळाला त्यांच्या खुडणीतली वाढ दुसऱ्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त निघाली. मळा तोच होता, हात तेच होते.

आता जत्रेतल्या चष्म्याकडे येते. तुम्हाला वाटेल, ही बाई आता जत्रेतल्या चष्म्याला शिव्या देणार. नाही देणार. तयार चष्मा विष नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, लांबचा नंबर नसेल, सिलिंडर नसेल, तर सुईत दोरा ओवण्यापुरता तो चालतो. अडचण अशी की हे सगळं “असेल” की नाही ते तपासल्याशिवाय कळत नाही. तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात. काचेचा मध्य कुठल्यातरी सरासरी चेहऱ्याचा असतो. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर कमीजास्त असेल तर डोळे ओढल्यासारखे होतात, कपाळ दुखतं.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती मला माझ्याच घरात कळली. मी अकरा वर्षं एका चष्म्याच्या दुकानात काम केलं. सुरुवातीला मी नुसती काचा पुसणारी, बिलं लिहिणारी होते. माझी मोठी मावशी दर वर्षी जत्रेतून चष्मा आणायची. एकदा म्हणाली, “हा आता लागत नाही गो.” मी दुकानातल्या खणातून जास्त नंबरचा काढून दिला. दीड वर्षानं परत म्हणाली, मी आणखी जास्तीचा दिला. मला कौतुक वाटत होतं की मावशीचं काम मी करतेय. मग ती दाराच्या चौकटीला डाव्या खांद्यानं आपटायला लागली. ओट्यावरचं डावीकडचं भांडं पाडायची. घरचे म्हणायचे, धांदरट झाली. डॉक्टरांकडे नेली तेव्हा काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते, नजर कडेनं कमी होत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र औषधानं सांभाळता येते. मी दिलेल्या दोन चष्म्यांनी तिचा डोळा बिघडवला नाही. मी तिची दोन-तीन वर्षं घालवली.

म्हणून चाळिशी लागली की पहिला चष्मा तपासूनच घ्या आणि त्या तपासणीत दाबही बघायला सांगा. आई, मावशी, भाऊ, बहीण कुणाला काचबिंदू असेल तर हे आधीच सांगा, कारण तो घराण्यात चालतो. साखर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा बघून घ्यायचा. आणखी एक, साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर काढू नका. नंबरही वरखाली होतो आणि महिन्याभरात नवा चष्मा वाया जातो.

आजीबद्दलही सांगते. साठी-सत्तरीची आजी अचानक म्हणाली, “मला चष्म्याशिवाय वाचता येतंय,” तर पेढे वाटू नका, डोळे दाखवा. बऱ्याचदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, हा जुना काळ झाला. कामाला अडचण व्हायला लागली की शस्त्रक्रिया करता येते.

दुकान कसं ओळखायचं? भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन्स बघून आपण समाधान मानतो. अहो, ते पुष्कळदा दुकान चालवायच्या नोंदणीचं असतं, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो. ते किराणा दुकानालाही असतं. डोळे तपासणाऱ्या माणसाचं शिक्षण ही वेगळी गोष्ट. नेत्रतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते आजार बघतात, शस्त्रक्रिया करतात. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नजर तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला. चष्मा बनवून बसवणारा तिसरा. संसदेनं 2021 साली आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टही आहेत. तेव्हा दुकानात सरळ विचारा, “डोळे कोण तपासणार? त्यांचं शिक्षण काय?” शिकलेला माणूस या प्रश्नानं रागावत नाही. कुणी रागावलंच, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

नुसती मशिनवर हनुवटी टेकवून पर्ची हातात दिली तर ती तपासणी अर्धीच आहे. यंत्र अंदाज देतं. पुढे काचा बदलून, अक्षरं वाचायला लावून, एकेक डोळा झाकून बघायला हवं. वाचता येत नाही म्हणून कुणी लाजू नका. उलटसुलट फिरवलेल्या आकड्यासारख्या खुणांचा तक्ता असतो, बोटानं दिशा दाखवायची.

नंबरचं कार्ड मागून घ्या, तुमचे पैसे दिलेत. उजवा, डावा वेगळा लिहिलेला असतो. उणे म्हणजे लांबचा, अधिक म्हणजे बहुतेक जवळचा. सिलिंडर आणि त्याच्यापुढे अ‍ॅक्सिस असेल तर काच ठरावीक कोनातच बसली पाहिजे. चष्मा घेताना दुकानातल्या लेन्सोमीटरवर नंबर पुन्हा मोजून दाखवायला सांगा. घरीही बघता येतं. चष्मा हातभर लांब धरा, खिडकीचा उभा गज काचेतून बघा आणि चष्मा चाकासारखा फिरवा. काचेत सिलिंडर असेल तर गजाची रेघ तिरपी होते. नसेल तर सरळच राहते. कार्डावर सिलिंडर लिहिलाय आणि रेघ ढिम्म हलत नाही, तर चष्मा घेऊन परत जा. बिल जपून ठेवलं असेल तर बोलायला जोर येतो.

लांबचा-जवळचा एकत्र असा दोन भागांचा चष्मा पहिल्यांदा लावणार असाल तर पहिले आठ दिवस पायऱ्यांवर जपा. खालच्या भागातून जमीन धूसर आणि उचललेली दिसते. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना मान खाली घालून वरच्या काचेतून बघायचं, आणि कुणाचा तरी हात धरायचा. लाज कसली त्यात.

आपल्या किनाऱ्यावर चष्म्याचा वैरी म्हणजे खारा वारा. मीठ काचेवर बसतं, सुकतं, आणि आपण पदरानं खसाखसा पुसतो. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी साध्या पाण्याखाली धरा, एक थेंब साबण, मग मऊ सुती कापड. स्वस्त धातूच्या फ्रेमला इथे वर्षभरात हिरवट चढतं, स्क्रू गंजतात. मला विचाराल तर मासळीवाल्या आणि मिठागरावर जाणाऱ्या बायकांनी चांगल्या प्लॅस्टिकची फ्रेम घ्यावी. दिसायला नाजूक नसेल, टिकते.

मिठागरावर, होडीवर, वाळूत उन्हाचा झोत वरून येतो आणि खालूनही येतो. वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ लागली की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसाचा त्रिकोणी पडदा सरकायला लागतो. मोतीबिंदूलाही ऊन हातभार लावतं. यासाठी काळा चष्मा ही चैन नाही. पण नुसता काळा रंग कामाचा नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते किरण जास्तच आत जातात. यूव्ही 400 लिहिलेला घ्या, आणि दुकानदाराकडे किरण मोजायचं यंत्र असेल तर तपासून मागा, कारण चिकटवलेली चिठ्ठी कुणीही छापू शकतं. रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदरही उन्हाचा बराच भाग अडवतो.

आता भातकापणीचं. झोडणी करताना लोंबीचं कूस, तूस, पातं डोळ्याला लागतं. आपण डोळा चोळतो. मग कुणी मध घालतं, कुणी अंगावरचं दूध पिळतं, कुणी मेडिकलमधून “लाल डोळ्याचं औषध” आणतं. त्या औषधांपैकी काहींत स्टिरॉइड असतं. भाताच्या पात्यानं झालेल्या जखमेत बुरशी वाढू शकते, आणि स्टिरॉइड तिला खतपाणी घालतं. डोळा दोन दिवस बरा वाटतो, मग बुबुळावर पांढरा डाग पडतो. लागलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर डॉक्टर गाठा. झोडणीला साधा पारदर्शक संरक्षक चष्मा लावला तरी हे टळतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

मुलांचं थोडक्यात. शाळेत आरोग्य पथक येतं, नंबर निघालेल्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून मोफत चष्मा देण्याची सोय आहे. मुलासाठी न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच मागा. आणि मुलीला चष्मा लागला की “लग्नाच्या वेळी काय करायचं” हा सूर कृपा करून बंद करा. चष्मा दप्तरात लपवून फळा न दिसता दहावी नापास झालेली मुलगी मी बघितली आहे.

गटानं काय करता येईल? पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं वही एकदा स्वतः वाचून बघा, एकेक डोळा झाकून. ज्यांना दिसत नाही त्यांची नावं लिहा. सरकारी रुग्णालयात कोणत्या वारी डोळे तपासतात ते आशाताईंना विचारा आणि सगळ्या मिळून जा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग आहे, तिथे मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत होते. अंतर्गत कर्जाला बियाणं चालतं, मशीन चालतं, तसा चष्माही चालू द्या. आणि ज्या गटात पहिली पाच नावं निघतील, त्यांनी मला या रेडिओच्या पत्त्यावर कळवा, तपासणीला मी सोबत येईन.

आता पावणेआठ झाले. मावशीच्या उजव्या डोळ्यात सकाळी आठला आणि रात्री आठला थेंब घालायचे असतात. तिला घड्याळ दिसतं, पण बाटली डोळ्यावर नेमकी धरता येत नाही. मी निघते. नमस्कार.