मांजराचे काळीज आणि रक्ताची चाळणी



आपला धाराशिव जिल्हा शेळीचा. उस्मानाबादी शेळीने या भागाचे नाव देशभर नेले, आणि तिच्या दुखण्याखुपण्याची विचारपूस गुरांच्या दवाखान्यात रोज होते. पण धान्याच्या पोत्यांची राखण करणाऱ्या मांजराची छाती कधी कुणी तपासली आहे काय? आपण हसलात, पण आजचा आमचा विषय तोच आहे.

मांजर दुखणे लपवते. त्याच्या हृदयाचा नेहमीचा विकार म्हणजे डाव्या कप्प्याचा स्नायू जाड होणे. वरवर धडधाकट दिसणाऱ्या मांजरांतही शंभरात सुमारे १५ जणांना तो आढळला आहे. पुष्कळांना जन्मभर त्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र एकाएकी धाप लागते, किंवा रक्ताची गुठळी अडकून मागचे पाय लुळे पडतात. घरची माणसे म्हणतात, कुणीतरी काठी मारली असेल!

मग आधी कळावे कसे? ताण पडलेले हृदय रक्तात एक द्रव्य सोडते. १९८८ साली जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू राहिला. पुढे कळले की ते मुख्यतः हृदयातूनच येते. त्याच्याबरोबर सुटणारा 'एनटी-प्रोबीएनपी' हा तुकडा मांजराच्या थोड्याशा रक्तात मोजता येतो.

तर मग सरसकट साऱ्या मांजरांचे रक्त तपासावे काय? आमचे उत्तर आहे, नाही. ही परीक्षा म्हणजे चाळणी आहे, न्यायनिवाडा नव्हे. सौम्य विकार तिच्यातून निसटतो. उलट मूत्रपिंडे बिघडली असली तर हृदय ठीक असूनही आकडा चढू शकतो. खरे निदान ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढल्यावरच होते. मात्र डॉक्टरांना ठोक्यात जादा आवाज ऐकू आला, किंवा धाप हृदयाची की फुप्फुसाची हा प्रश्न पडला, तर हीच चाळणी मोलाची ठरते.

आणि बिनपैशाची एक परीक्षा आपल्या घरीच आहे. मांजर गाढ झोपले असता त्याचे श्वास घड्याळ लावून मोजा. मिनिटाला ३० च्या वर ते वारंवार जाऊ लागले, तर दवाखाना गाठा.

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो. त्याने खुशाल मिटावेत; आपण मात्र उघडे ठेवावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.