वैद्यकसेवेच्या उंबरठ्यावरील आपलीं मुलें



घरांत कोणी डॉक्टर झाला कीं आपण पेढे वाटतों. परंतु त्या डॉक्टराचें मन कसें आहे, हें सहसा कोणी पुसत नाहीं. म्हणून ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं तोच विषय घेतला आहे.

निवासी डॉक्टरांचें सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक असूं नये, असें केंद्र सरकारनें १९९२ सालीं लिहून ठेविलें. कागदावरील शाई वाळली. वॉर्डांत मात्र चोवीस अन् छत्तीस तासांच्या ड्यूट्या चालूच राहिल्या. २०२४ सालीं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलानें आठवड्यास ७४ तासांची मर्यादा सुचविली. त्याच्याच पाहणींत ५३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ३१ जणांनीं, आपल्या मनांत आत्मघाताचे विचार येऊन गेल्याचें सांगितलें.

कोणी म्हणेल, हल्लींचीं मुलें नाजूक. आम्हांस तें मुळींच पटत नाहीं. जो तरुण रात्रीं तीन वाजतां एखाद्या आईला तिच्या लेकराच्या मरणाची वार्ता सांगतो आणि पांच मिनिटांत दुसऱ्या खाटेपाशीं उभा राहतो, त्याला नाजूक म्हणणें हा अन्याय होय. त्याला रडावयास सवड नसते. आणि वरिष्ठांपुढें ‘झेपत नाहीं’ म्हणावें, तर तो दुबळा ठरतो. इतरांना मानसोपचाराची चिठ्ठी लिहून देणारा हात स्वतःसाठीं ती घ्यावयास धजत नाहीं. जागतिक वैद्यक संघटनेची जिनीव्हाची प्रतिज्ञा १९४८ सालची. वैद्यानें स्वतःच्याही आरोग्याची काळजी घ्यावी, हें कलम तींत २०१७ सालीं आलें. एकोणसत्तर वर्षें लागलीं!

पण सरकारचें राहूं द्या, आपल्या अंगणांत पाहूं. महिन्याकाठीं एखाद्या रविवारीं मुलगी घरीं येते. मिस्सा आटोपून ती चर्चच्या पायऱ्या उतरते न उतरते, तोंच कोणी रक्ताचा रिपोर्ट पुढें करतो, कोणी एक्सरे. आणि आई अभिमानानें हंसते. त्या दिवशीं तिला निजूं द्यावें. लग्नाचा विषय काढूं नये. ती हंसेनाशी, जेवेनाशी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यांत लाज मानूं नये. सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते. आणि एखाद्या रात्रीं ती ‘बाबा, मला हें सोडावयाचें आहे’ असें म्हणाली, तर फीचा हिशेब त्या रात्रीं काढूं नये. जवळ बसावें, आणि तिला बोलूं द्यावें.