बेकलाइट : न वितळणारें प्लॅस्टिक

प्रेशर कुकरची काळी मूठ आपण रोज हातीं धरतों. भांड्याला बोट लावण्याची सोय नसते. मूठ मात्र खुशाल धरवते, आणि ती मऊहि पडत नाहीं. अशी मूठ बहुधा ज्या द्रव्याची असते, त्या बेकलाइटाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हें द्रव्य लिओ बेकलँड यांनीं शोधून काढलें. त्यांचा जन्म १८६३ सालीं बेल्जममधील गेंट येथें झाला. पुढें ते अमेरिकेंत स्थायिक झाले. विजेच्या उपकरणांत त्या वेळीं विद्युत्‌रोधक म्हणून लाख वापरीत, व ती मुख्यतः हिंदुस्थानांतून जाई. परंतु लाख किड्यांपासून मिळते. वाढत्या मागणीला ती कशी पुरावी? तिच्याऐवजीं कृत्रिम पदार्थ मिळावा म्हणून बेकलँड यांनीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड हीं दोन रसायनें हातीं घेतलीं. अशा संयोगापासून राळेसारखा पदार्थ होतो, हें जर्मन रसायनज्ञ बायर यांना १८७२ सालींच दिसलें होतें. पण तो कोणाच्या उपयोगीं पडला नव्हता. बेकलँड यांनीं मिश्रणास उष्णतेबरोबर दाबहि दिला. त्यामुळें फेस न होतां घट्ट, एकजीव पदार्थ तयार झाला. १९०७ सालीं त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला.

मेण तापविलें कीं वितळतें, निवलें कीं गोठतें. पुन्हा तापविलें तर पुन्हा वितळतें. पुष्कळशीं प्लॅस्टिकें याच जातीचीं. बेकलाइटाचें वागणें मात्र भाजलेल्या मडक्यासारखें आहे. भट्टींतून निघालेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाहीं. साच्यांत तापतांना बेकलाइटाचे रेणू सर्व बाजूंनीं एकमेकांशीं जोडले जातात व त्यांचें एक अखंड जाळें बनतें. सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपर्यंतची उष्णता तें सोसतें. त्याहून फारच तापविलें तर करपतें, पण वितळत नाहीं.

विजेचीं बटणें, टेलिफोन, जुन्या रेडिओंच्या पेट्या यांत तें आलें तें याच गुणामुळें. मोटारींच्या ब्रेकचे थर व प्लायवुड यांतहि ही राळ सांधा धरते. १९९५ सालीं ‘गॅलिलिओ’ मोहिमेंतील कुपी सेकंदास सुमारें ४७ किलोमीटर वेगानें गुरूच्या वातावरणांत शिरली, तेव्हां तिचें कवच कार्बन व फिनॉलची राळ यांचें होतें. तें करपत, झडत गेलें व उष्णता आपल्याबरोबर घेऊन गेलें. आंतील उपकरणांनीं पुढें सुमारें एक तास माहिती पाठविली.

तथापि या करपण्याची एक दुसरी बाजू आहे. करपलेल्या भागाचा कोळसा होतो, व कोळसा विजेला वाट देतो. म्हणून जुन्या बटणाला करपट वास येऊं लागल्यास तें ताबडतोब बदलून घ्यावें. दुसरी अडचण अशी कीं, तुटलेली मूठ वितळवून नवी ओततां येत नाहीं. फार तर दळून नव्या मालांत भर म्हणून घालतां येते. जें द्रव्य एकदांच घडतें, त्याची वस्तु होईल तितकी पुरवून वापरावी, हेंच शहाणपणाचें.