गाणं कुणाचं, गाजलं कुणाच्या तोंडी

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जावरच्या व्याजाचा हिशोब मांडला होता. आजही हिशोबच आहे, पण गाण्याचा.

आठवडी बाजारात काळे टी-शर्ट टांगलेले असतात. त्यांवर टोकदार इंग्रजी अक्षरांत ‘मेटॅलिका’ असं लिहिलेलं दिसतं. आपली पोरं ते घालून गावभर हिंडतात. मेटॅलिका हा अमेरिकेतला बँड. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे, चार जणांनी मिळून गाणी रचायची आणि वाजवायची असा. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांना ‘स्पीड मेटल’ म्हणतात. विजेवरच्या गिटारी, धावत सुटलेले ड्रम आणि ओरडल्यासारखं गाणं. गटाच्या बैठकीत मोबाईलवर लावलं तेव्हा आमच्यातल्या दोघींनी कानांवर पदर घेतला. आम्हाला ते गाणं फारसं मानवलं नाही, पण त्यामागची गोष्ट मात्र चांगली लक्षात राहिली.

इंग्लंडमध्ये स्टाउरब्रिज नावाचं गाव आहे, काचकामासाठी नावाजलेलं. १९७६ साली तिथल्या पोरांनी ‘डायमंड हेड’ नावाचा बँड काढला. शॉन हॅरिस गायचा, ब्रायन टॅटलर गिटार वाजवायचा, कॉलिन किम्बर्ली बेस गिटारवर आणि डंकन स्कॉट ड्रमवर. मोठी कंपनी काही त्यांना घेईना. मग १९८० साली त्यांनी आपली रेकॉर्ड आपणच काढली. पहिल्या खेपेला १,००० प्रती. पाकीट पांढरं कोरं, वर चित्र नाही की छपाई नाही, फक्त पोरांच्या हातची सही. विक्री टपालानं आणि कार्यक्रमाच्या जागी.

कारभार कोण बघत होतं? हॅरिसची आई लिंडा आणि पुठ्ठ्याचा कारखाना असलेले रेग फेलोज. आईनं कारभार पाहिला म्हणून पोरं मागे पडली, असं पुढे सांगितलं गेलं. आमचं मत वेगळं आहे. कंपन्या दारात उभं करत नव्हत्या तेव्हा रेकॉर्ड निघाली, ती याच कारभारात. दोष द्यायची वेळ आली की आई आधी सापडते, एवढंच.

ती टपालाची रेकॉर्ड अमेरिकेत एका पोराच्या हाती पडली. लार्स उलरिक त्याचं नाव. मूळचा डेन्मार्कचा, टेनिससाठी कॅलिफोर्नियात आलेला. रेकॉर्डनं त्याला असं वेड लावलं की १९८१ च्या उन्हाळ्यात, सतराव्या वर्षी, तो विमानानं इंग्लंडला गेला. कार्यक्रम पाहिला, पोरांना भेटला आणि काही आठवडे त्यांच्याच घरी राहिला. टॅटलर आईवडिलांजवळ राहत होता. ओळख ना पाळख, पण परमुलखातून आलेल्या पोराला त्या घरानं ठेवून घेतलं. गाणी कशी बसवतात हे त्यानं तिथे जवळून पाहिलं.

परत गेल्यावर त्याच वर्षी त्यानं जेम्स हेटफिल्डबरोबर मेटॅलिका सुरू केला. मार्च १९८२ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम झाला तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची गाणी जेमतेम होती. बाकीची दुसऱ्यांची, आणि त्यांत डायमंड हेडची चार. गाणं दुसऱ्याचं आहे हे ते तेव्हा लोकांना सांगत नसत. ऐकणाऱ्यांना वाटे, यांचंच असेल.

इकडे डायमंड हेडला अखेर मोठी कंपनी मिळाली. १९८२ आणि १९८३ ला दोन रेकॉर्ड आल्या, पण दुसरीच्या पहिल्या हजारो प्रती सदोष निघाल्या, सुई उडायची. १९८५ मध्ये बँड मोडला.

गोष्ट इथे संपली असती. पण १९८४ साली मेटॅलिकानं ‘अ‍ॅम आय ईव्हिल?’ हे डायमंड हेडचं गाणं रेकॉर्डवर घेतलं आणि रचनाकार म्हणून हॅरिस आणि टॅटलर ही नावं छापली. मग १९८७ ला आणखी एक. १९९८ च्या ‘गॅरेज इन्क.’ या संग्रहात तर डायमंड हेडची चार गाणी आहेत. तोवर मेटॅलिका जगभर खपत होता. दुसऱ्यानं गाणं गायलं तरी विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे रचणाऱ्याचा वाटा निघतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. या पैशांचा मोठा आधार झाला, हे टॅटलर स्वतः सांगत आले आहेत.

आता बारकाईनं ऐका. वाजवणारे चौघे होते, पण गाण्याखाली नावं दोघांची. म्हणून मेटॅलिकाच्या प्रतींमागे रचनेचा वाटा निघतो तोही दोघांचाच. किम्बर्ली आणि स्कॉट यांनी घाम कमी गाळला असं नाही. पण रचनाकार म्हणून त्यांची नावं कागदावर नाहीत.

आपल्या भजनी मंडळांनी, कलापथकांनी हे ऐकून ठेवावं. भारतातही गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झाल्यावर पाच वर्षांनी दुसऱ्याला ते नव्यानं गाऊन बाजारात आणता येतं. मात्र आधी मालकाला कळवावं लागतं आणि साधारणपणे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला की पुरावा लागतो. म्हणून शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे तारखेसह वहीत लिहून सह्या घ्याव्यात. आमच्या मसाल्याचं प्रमाण तालुक्याच्या बाजारात एकानं उचललं. आता त्याची पाकिटं आमच्या शेजारीच विकली जातात. नुसत्या प्रमाणाला कॉपीराइट मिळत नाही, गाण्याला मिळतो. तेवढं तरी हातचं घालवू नये.

पुढे दोन्ही बँडांची गाठ पडत राहिली. डायमंड हेड पुन्हा उभा राहिला आणि १९९३ साली इंग्लंडमध्ये मेटॅलिकाच्या मोठ्या कार्यक्रमात वाजवून गेला. २०११ मध्ये मेटॅलिकाच्या तिसाव्या वर्षाच्या सोहळ्यात हॅरिस आणि टॅटलर त्यांच्याबरोबर रंगमंचावर होते.

२०२० साली डायमंड हेडनं ती पांढऱ्या पाकिटाची रेकॉर्ड नव्यानं वाजवून काढली. जुन्या चौघांपैकी आता बँडमध्ये टॅटलर एकटेच उरले होते. या वेळी त्यांनी जोडीला दुसऱ्यांची चार गाणी घेतली. त्यांतलं एक मेटॅलिकाचं आहे, ‘नो रिमोर्स’. त्याखाली हेटफिल्ड आणि उलरिक यांची नावं आहेत, आणि त्याच्या रॉयल्टीचे ते धनी.