झोळीत उलटे होताना

झोळी ही काही आपल्याला नवी नाही. शेताच्या बांधावर फांदीला लुगडे बांधायचे, त्यात तान्हे मूल निजवायचे आणि आईने खुरपायला बसायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या, खुर्चीत बसून बसून कंबर धरलेल्या माणसाने तशाच झोळीत बसून योगासने करावीत असे कोणी सांगितले, तर आपण प्रथम हसू आणि मग घाबरू. हसणे सोडून देऊ. घाबरण्याचे काय करायचे, याविषयी मात्र आज चार शब्द सांगावेसे वाटतात.

या प्रकाराला ‘एरियल योग’ म्हणतात. छताला कड्या असतात, कड्यांना मऊ पण चिवट नायलॉनचे रुंद कापड दुपदरी टांगलेले असते आणि त्याचा तळ साधारण तुमच्या कमरेच्या उंचीवर येतो. अमेरिकेत ख्रिस्तोफर हॅरिसन या कसरतपटूने १९९१ मध्ये हवेतल्या कसरतींची एक मंडळी काढली. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, अशा कसरतींच्या कापडाला योगासनांची जोड देऊन हे वर्ग सुरू झाले. आज ते मुंबई-पुण्यातही चालतात.

मात्र टांगून घेऊन व्यायाम करणे ही कल्पना आपल्याला परकी म्हणता येणार नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. त्याच मल्लखांबाचा एक प्रकार दोरीचा. वर टांगलेल्या सुती दोरीला कुठेही गाठ न मारता, निव्वळ अढीच्या बळावर मुले-मुली तिच्यावर आसने धरतात. मुंबईच्या शिवाजी पार्कवर २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशांतले खेळाडूही हे करताना लोकांनी पाहिले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी तर भिंतीत कड्या बसवून, दोरांच्या आधाराने आसने शिकवली. त्यांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली. ज्याला स्वतःच्या बळावर आसन साधत नाही, त्यालाही त्याचा लाभ मिळावा, हा त्यांच्या साधनांमागचा हेतू. झोळीकडे आपणही याच दृष्टीने पाहावे. ती कसरत दाखवण्याची जागा नसून आधार आहे.

आता तुम्ही पहिल्या दिवशी गेलात, असे समजा. जेवून दोन-तीन तास झालेले असावेत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातले दागिने घरी ठेवा. ते कापडात अडकतात आणि कापड फाडतातही. बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत विजार घाला, कारण काखेत आणि गुडघ्यामागे कापड चांगलेच काचते. हे काचणे पहिले दोन-तीन दिवस जाणवणारच. पण हातापायांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर लगेच बाहेर या. तो सवयीचा प्रश्न नव्हे; शीर दाबली जात आहे, असे समजा.

सुरुवात बसण्यापासून होते. पाय जमिनीला टेकलेले, कापड मांड्यांखाली पसरलेले. एवढ्यानेही पोटात गोळा येतो, कारण झोळी आपल्याबरोबर हलते. स्थिर जमिनीची सवय झालेले आपले शरीर प्रत्येक हेलकाव्याला ‘पडलो’ असेच समजते आणि हात मुठी आवळतात. ही भीती भित्रेपणाची खूण नाही, बरं का! तोल सांभाळणारी आपली यंत्रणा तिचे काम करते आहे, एवढाच तिचा अर्थ. श्वास सावकाश सोडत, पाच-सात मिनिटे नुसते डुलत राहा. मुठी आपोआप सैल होतील.

मग उलटे होण्याचा क्रम. कापड कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या रुंद भागावर सरकवायचे. दोन्ही हातांनी झोळी धरून मागे झुकायचे. पाय फाकवून झोळीच्या पदरांना बाहेरून अढी घालायची आणि तळवे जुळवायचे. मगच हात सोडायचे. सगळा भार ओटीपोटाच्या हाडांनी आणि कापडाने तोललेला असतो. शीर्षासनात डोके व मान यांवर भार पडतो. इथे मान मोकळी लोंबते. पाठीचा कणा आपल्याच वजनाने थोडा ताणला जातो आणि दिवसभर दबलेल्या कमरेला हायसे वाटते. संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटके झालेलो असतो, कारण मणक्यांमधल्या गाद्या दबतात. झोळीत त्या थोड्या मोकळ्या होतात. पण हा आराम तात्पुरता. याने उंची वाढते किंवा सरकलेली गादी कायमची जागेवर बसते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आणि इथेच सर्वांत मोठी गफलत होते. मानेवर भार नाही म्हणजे धोका नाही, असे लोक समजतात. मान सुटली, तरी रक्ताचे काय? डोके हृदयाच्या खाली गेले की डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढणार आणि डोळ्यांतला दाबही वाढणार. मग तुम्ही जमिनीवर शीर्षासन करा की झोळीत लोंबकळा. काचबिंदू असलेल्या माणसाच्या दृष्टीला हा वाढलेला दाब इजा करू शकतो. काचबिंदूचा सर्वसाधारण प्रकार दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू जाते आणि ते माणसाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे उत्तर पुरेसे नव्हे. चाळिशी उलटली असेल, घरात कोणाला काचबिंदू असेल, तर वर्गाची फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, डोळ्याच्या पडद्याचा आजार, हर्निया, ठिसूळ हाडे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उलटे होऊ नये.

ज्यांना अशी अडचण नाही, त्यांनीही पहिल्या दिवशी पाच-सहा श्वासांपेक्षा जास्त वेळ उलटे राहू नये. वर येताना घाई तर मुळीच नको. बसल्यावर डोके क्षणभर पुढे टेकून थांबावे. एकदम उभे राहिलात तर रक्त झपाट्याने खाली उतरते आणि घेरी येते.

आता कडीविषयी. घरच्या छताला हूक आहे, साडी आहे, मग वर्ग कशाला, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. त्यांनी एक साधे गणित ध्यानात घ्यावे. ६० किलो वजनाचा माणूस स्वस्थ बसला, तर कडीवर ६० किलोंचा भार येतो. पण झोका उभ्या रेषेपासून ६० अंश मागे नेऊन सोडला, तर खाली मधोमध येताना तोच भार दुप्पट, म्हणजे १२० किलो होतो. आडव्या रेषेपर्यंत नेला तर तिप्पट, १८० किलो! पंख्याचा हूक किंवा शोभेचे खोटे छत यासाठी केलेले नसते आणि साडीही नसते. कड्या पक्क्या स्लॅबमध्ये, जाणत्या माणसाने बसवलेल्या असाव्यात. खाली जाड गादी असावी. झोळीच्या शिवणी व कड्या वेळोवेळी तपासल्या जातात का, हे विचारायला संकोच करू नये.

शेवटी एक खूण सांगतो. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने तुम्हाला काय विचारले, यावरून वर्ग ओळखा. रक्तदाब, डोळे, जुनी दुखणी यांची चौकशी करून, जो तुमच्याशेजारी हात देऊन उभा राहतो, त्याच्याकडे निर्धास्त शिका. जो आल्या आल्या उलटे व्हा म्हणतो, त्याला नमस्कार करून परत या. भोवतीचे दहाजण उलटे लोंबत असले, तरी ‘आज नाही’ म्हणण्याचा तुमचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. तुम्ही बसून डुला, पाठ वाकवा, शेवटी झोळी अंगाभोवती पसरून तिच्यात दहा मिनिटे शवासन करा. तेवढ्यानेही त्या दिवसाचा व्यायाम पुरा झाला, असे खुशाल समजा. उलटे व्हायला पुढचा आठवडा आहेच.