वाचणाऱ्यासाठी बांधलेली वाट



भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांपुढे बोलण्यासाठी मी स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग हा जुना विषय निवडला, कारण त्याची एक गाठ आपल्याच अभ्यासक्रमात न सुटता राहिली आहे. बारावीची मुले एका पेपरासाठी सी प्लस प्लसमधले इफ, फॉर, व्हाइल शिकतात आणि दुसऱ्या पेपरासाठी मायक्रोप्रोसेसरच्या असेम्ब्लीत जेएमपी, जेएनझेड लिहून एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर उडी घेतात. उडी वाईट असेल तर ती शिकवायची कशाला, आणि यंत्राला तीच कळत असेल तर बाकीचा खटाटोप कशासाठी? विद्यार्थ्याच्या या प्रश्नाला ‘गोटू, म्हणजे उडीची आज्ञा, वापरू नये’ हे उत्तर नाही. तो केवळ नियम झाला. माझे म्हणणे असे की ही शिस्त यंत्रासाठी नाही, प्रोग्रॅम पुढे वाचणाऱ्या माणसासाठी आहे. तिचे फायदे आणि तिच्या मर्यादा या एकाच गोष्टीतून समजतात.

1966 मध्ये बोम आणि याकोपिनी यांनी दाखवले, की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांत कोणताही प्रोग्रॅम बसवता येतो. शक्य आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. इष्ट का, हे डाइक्स्ट्रा यांनी मार्च 1968 मधल्या आपल्या गोटूविरुद्धच्या प्रसिद्ध पत्रात सांगितले. कागदावर ओळी ज्या क्रमाने दिसतात आणि यंत्र त्या ज्या क्रमाने चालवते, त्यांतले अंतर जितके कमी तितके माणसाला समजणे सोपे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. मोकाट उड्या मारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘इथवर काय काय घडून गेले’ हे सांगता येत नाही. लूपमध्ये ते सांगता येते: कितवी फेरी चालू आहे आणि दर फेरीच्या सुरुवातीला काय खरे असते, एवढे कळले की पुरते. प्रोग्रॅम बरोबर आहे हे पटवून देण्याची सोय इथून सुरू होते आणि मला हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

शेवटी सगळ्या उड्याच असतात, या आक्षेपाचे उत्तर पास्कल भाषेच्या इतिहासात सापडते आणि त्यात आपल्या पुण्याचाही धागा आहे. पुढे पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, आलेले केशव नोरी हे झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कल-पी कम्पायलर घडवणाऱ्यांपैकी एक. हा कम्पायलर पास्कलच्या नेटक्या व्हाइलचे पी-कोड या मधल्या भाषेत रूपांतर करी, आणि त्या पी-कोडमध्ये बिनशर्त उडी होती, अट खोटी ठरल्यास मारायची उडीही होती. म्हणजे उड्या नाहीशा झाल्या नाहीत. त्या लिहिण्याचे काम माणसाकडून कम्पायलरकडे गेले. असेम्ब्लीचा पेपर म्हणूनच अनाठायी नाही. व्हाइलच्या पोटात काय असते ते तो उघडून दाखवतो. फक्त हे दोन्ही पेपर एकमेकांशेजारी ठेवून शिकवले पाहिजेत.

आता तोटे. पटावरच्या 60 विद्यार्थ्यांत एक हजेरी क्रमांक शोधायचा आहे. तो सातव्या जागी सापडला, तर तिथेच थांबावे. पण ‘प्रत्येक रचनेला एकच प्रवेश आणि एकच निर्गम’ हा नियम अक्षरशः पाळला, तर ‘सापडला’ असे एक जादा चल घ्यावे लागते, दर फेरीत तेही तपासावे लागते आणि वाचणाऱ्यावर एक ओझे वाढते. त्याच्याचसाठी केलेला नियम इथे त्याच्याच आड येतो. डोनाल्ड नुथ यांनी 1974 मध्ये अशाच उदाहरणांच्या आधारे गोटूची काही उपयोगस्थाने दाखवली. लिनक्सच्या कर्नेलमध्ये आजही एखादी पायरी फसली की घेतलेली साधने उलट क्रमाने परत करण्यासाठी गोटू वापरतात. ती उडी खालच्या दिशेने असते आणि मुक्कामाला नाव असते. राजगडाला पाली, गुंजवणे, आळू हे दरवाजे आहेत, तसा पद्मावती माचीकडे चोरदरवाजाही आहे. तोसुद्धा तटात ठरवून बांधलेला आहे. तट फोडून पाडलेले भगदाड आणि तो एकच नव्हेत. ब्रेक किंवा मधूनच केलेला रिटर्न दिसला की गुण कापणाऱ्या परीक्षकांनी हा फरक जरूर पाहावा.

याहून खोल मर्यादा विदेची आहे. वर्ष दोनच अंकांत साठवल्यामुळे 2000 साल उजाडण्यापूर्वी जगभरचे कोबोल प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले आणि त्यातले पुष्कळ काम भारतीय कंपन्यांकडे आले. एखाद्या प्रोग्रॅममध्ये एकही गोटू नसला, तरी त्या दोन अंकांची माहिती शेकडो ठिकाणी विखुरलेली असू शकत होती. नियंत्रणाची वाट सरळ असल्याने ती ठिकाणे वाचता येत, पण कमी होत नसत. प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्या पाहू नयेत, पुढे बदलू शकणारे निर्णय एकेका भागात झाकावेत, असे डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच मांडले होते. असे झाकण्याचे साधन असलेला क्लास शिकवताना हे कारण आपण सांगत नाही, म्हणून मुलांना तो नुसता व्याकरणाचा नवा धडा वाटतो.

आजच्या प्रोग्रॅममध्ये गोटू क्वचितच दिसतो, मग ही चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण पाच-सहा थर आत गेलेले इफ आणि दूरवर जाऊन पडणारे एक्सेप्शन पायथनमध्येही लिहिता येतात. कागदावरचा क्रम आणि चालण्याचा क्रम तिथेही दुरावतो. म्हणून माझी एक सूचना आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक मुलाने स्वतःच्या प्रोग्रॅमबरोबर वर्गातल्या दुसऱ्याचा एक प्रोग्रॅम घ्यावा, त्यातल्या प्रत्येक लूपच्या सुरुवातीला काय खरे असते ते मराठीत एका ओळीत लिहावे, आणि जिथे ते लिहिता येत नाही तिथे खूण करून प्रोग्रॅम मूळ लेखकाकडे परत द्यावा.